त्रेसष्टावा वॉल

नांदखेलच्या जमिनीखाली पाण्याचे वॉल त्रेसष्ट, आणि नगरपालिकेच्या नकाशावर बासष्ट. वॉल म्हणजे पायपीवर बसवलेला, लोखंडी चावीनं उघडायचा-मिटायचा अडसर. इंजिनेर लोक त्याला व्हॉल्व्ह म्हणतात. आमच्या तोंडात ते बसत नाही. तर हा जो एकाचा फरक, तो सबंध गावात एकट्या आकाराम पुकळ्याला ठाऊक होता, आणि त्यानं तो कुणापाशी बोलून दाखवला नव्हता.

आकाराम म्हसवडच्या पलीकडचा, मेंढरामागं वाढलेला. बाप दर साली कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा. एका साली कळप माघारी गेला आणि पोरगं मागं राहिलं. नांदखेलात पाण्याची टाकी बांधायचं काम चालू होतं. तिथं आकारामानं पाट्या उचलल्या, मग त्याच टाकीवर राखणीला बसला, मग पालिकेत वॉलमन म्हणून चिकटला. एकतीस वर्षं त्यानं गावाला पाणी सोडलं.

नांदखेल कृष्णेच्या कडेला आहे, पण सगळं नाही. पेठ खाली नदीजवळ, माळआळी वर चढावर, आणि मधी हमरस्त्याचा चौक. पाणी चढाला नाखूष असतं, माणसासारखंच. पेठेतल्या लोकांनी तोट्या मोकळ्या टाकल्या की माळआळीचा नळ नुसता सुसकारे टाकायचा. म्हणून एकीकडचं मिटवायचं आणि दुसरीकडचं उघडायचं, अशी दिवसाआड पाळी. आकारामाची चावी छातीइतकी उंच, वर आडवी मूठ. ती सायकलीच्या दांडीला बांधून सकाळी साडेपाचला गडी निघायचा. कुठल्या वॉलला किती आटे द्यायचे हे कुठं लिहिलेलं नव्हतं. ते त्याच्या मनगटात होतं.

आणि त्या मनगटामागं अख्खं गाव होतं.

"तात्या, उद्या बारसं हाय आमच्यात. अर्धा घंटा जास्त सोडा."

"बारसं? गेल्या म्हयन्यात बी तुमच्यात बारसंच हुतं की."

"आवं, ती थोरली सून. ही धाकटी."

कुणाच्या घरात पावणे आलेत, कुणाचं दहावं आहे, कुणी नळाला चोरून मोटार लावलीय, हे आकारामाला पोलीसपाटलाच्या आधी कळायचं. पाणी उशिरा आलं की शिव्या पण त्यालाच. माळआळीच्या टोकाला भामाबाई राहायची. नवरा लष्करात होता, तो गेल्यावर एकटी, दावणीला एक म्हैस. तिचा आवाज चौकापर्यंत यायचा. "आकाराम, झोपलाईस का मेलाईस रं?" आकाराम खालनं ओरडायचा, "मेलो असतो तर तुझा नळ कोण सोडाय आलं असतं, आक्का?" ही त्यांची रामराम घालायची तऱ्हा.

त्याची बायको बनुबाई तो रिटायर व्हायच्या आदल्या साली गेली. पोरगी पल्लवी खंडाळ्याला दिलेली, जावई तिकडं कंपनीत. दर आईतवारी फोन येतो. "जेवला का?" "जेवलो." "औषध घेतलं का?" "घेतलं." एवढ्यात पल्लवीचा कुकर शिट्टी देतो आणि फोन संपतो. रिटायर झाला त्या दिवशी पालिकेत शाल आणि नारळ दिला, एकाच टेबलावर तिघांना. मग स्टोअरच्या क्लार्कनं चावी जमा करून घेतली आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं.

पुढच्या सकाळी साडेपाचला आकाराम उठून बसला. जायला कुठंच नव्हतं. तरी तो चालत निघाला, जुन्या वाटेनं, हात हलवत. पेठेतनं चौक, चौकातनं चढ, माळआळीच्या टोकापर्यंत आणि परत. मग रोजच तसं व्हायला लागलं. बायका पहिल्या-पहिल्यांदा विचारायच्या, "तात्या, पाणी किती वाजता?" तो म्हणायचा, "आता तानाजीला इचारा." तानाजी म्हणजे त्याच्या जागी ठेकेदाराकडनं आलेला नवा वॉलमन, पस्तिशीचा, कानात कायम फोनची बोंडं. हळूहळू बायका तानाजीलाच विचारायला लागल्या.

मग चोवीस तास पाण्याची टूम निघाली. कारभारी मंडळी कऱ्हाडशेजारच्या मलकापूरला जाऊन बघून आली. तिथं दारोदार मीटर, आणि नळ सोडला की पाणी, कवाबी. आपल्यात पण तसंच करायचं ठरलं. त्यासाठी पालिकेत पाणीपुरवठ्याला शिवांजली मॅडम म्हणून नवी इंजिनेर आली. पोरगी सांगलीकडची, कामाची. तिनं आल्या-आल्या जुना नकाशा मागितला, तर नकाशाला कसर लागलेली. कुणीतरी तिला आकारामाचं घर दाखवलं.

"काका, गावातले सगळे व्हॉल्व्ह मला दाखवाल का?"

पुढचे आठ दिवस आकाराम शिवांजली मॅडमच्या स्कूटीवर मागं बसून गावभर फिरला. पानपट्टीवरची पोरं ओरडायची, "तात्या, डबल सीट!" आकाराम मानेनंच त्यांना हटकायचा, पण दोन दिवसांनी त्यानं ठेवणीतला पांढरा सदरा काढला. कुठं उकिरड्याखाली गेलेला वॉल, कुठं कुणाच्या ओट्यात गेलेला. तो टाच आपटून जागा दाखवायचा, गडी खणायचे, आणि हातभर खाली लोखंड निघायचं. मॅडम हातातल्या पाटीसारख्या यंत्रावर ठिपका मारायची. म्हणायची, "काका, तुम्ही नसता तर आम्ही काय केलं असतं!" दुपारी दोघं चौकात चहा घ्यायची. बनुबाई गेल्यापासनं आकारामासमोर बसून कुणी अख्खा कप चहा पिला नव्हता.

आठव्या दिवशी संध्याकाळी बासष्ट ठिपके झाले. दोघं चौकात उभी होती, काँक्रीटच्या हमरस्त्यावर. त्रेसष्टावा वॉल तिथंच होता, त्यांच्या पायाखाली. माळआळीला जाणाऱ्या लाइनीचा. पंधरा वर्षांमागं रस्त्याचं काँक्रीट झालं तेव्हा ठेकेदारानं तो चेंबरसकट गाडला. आकारामानं तेव्हा ठेकेदाराच्या परगावच्या मुकादमाला सांगितलं होतं. मुकादम म्हणाला, "ऱ्हाऊ दे, चालतंय की पानी." चालत होतंच. माळआळीची बिडाची पाइप जुनी, जोर सोसायची नाही, म्हणून तो वॉल अठरापैकी नऊ आट्यांवर, अर्धाच उघडा ठेवलेला होता. शिवाय वॉल उलटा. बाकीचे सगळे घड्याळाच्या काट्यासारखे फिरवले की बंद होतात, हा उघडतो. कुठल्या मालातला आला होता देव जाणे.

"झालं ना काका सगळं?" मॅडमनं विचारलं.

आकारामाच्या तोंडात शब्द आला होता. पण त्याला वाटलं, हा एक उद्या दाखवू. उद्या बी स्कूटी येईल दारात.

"झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पांढरा सदरा घालून अकरापर्यंत दारात बसला. स्कूटी आली नाही. काम झालं होतं, मग कशाला येईल? त्यानंतर जाऊन सांगायचं तर खोटं बोललो हे पण सांगावं लागणार. राहून गेलं.

मनाला त्यानं एक समजूतही घालून घेतली. त्याच्या बापाची रीत होती. उन्हाळ्यात माणगंगेच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा काढायचा, मेंढरं पाजायची, आणि निघताना झिऱ्यावर काटं टाकून वर वाळू ओढायची. गावभर सांगत सुटायचं नाही, सांगितला की घाण झालाच. पण कुणी तहानलेला विचारत आला, तर मग वैरी असला तरी नेऊन दाखवायचा. आकाराम म्हणायचा, इचारत्याल तवा दावू.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चोवीस तासाचं पाणी सुटलं. फटाकड्या वाजल्या. माळआळीत नवी पाइप पडली होती, जोर सोसणारी. पण हमरस्ता उभा फोडायला परवानगी मिळाली नाही, म्हणून चौकाखालची तेवढी लाइन जुनीच ठेवली होती. अर्ध्या उघड्या वॉलसकट. पेठ चोवीस तास पाणी ओढायला लागली आणि अर्ध्या वाटेनं चढावर काय जाणार? माळआळीच्या नळाला करंगळीएवढी धार, उन्हं वर आली की ती पण तुटायची.

मॅडमनं सगळं करून बघितलं. टाकी तपासली, पायपीत हवा कोंडलीय का बघितलं, पेठेत मोटारी लावल्यात का म्हणून घरांची झडती घेतली. माळआळीवाले म्हणायचे पेठवाले चोर. पेठवाले म्हणायचे, माळावर ऱ्हायचं आन म्हशी पाळायच्या, मग पाणी कसं पुरंल? शेवटी दिवसाला एक टँकर वर जायला लागला.

आकाराम घरात वाट बघत होता. रोज दाढी करून. आज नाही तर उद्या कुणीतरी येईल आणि म्हणेल, तात्या, काय भानगड हाय बघा की जरा. त्यानं बोलायचं पण ठरवून ठेवलं होतं. जरा गप बसायचं, मग म्हणायचं, चला, दावतो. कुणी आलं नाही. यंत्रावर बासष्ट ठिपके होते. आता आकारामाला काय विचारायचं? तानाजी एकदा दारावरनं गेला. "काय तात्या, बरं हाय न्हवं?" कानातली बोंडं न काढताच त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गाडी मारली. असे अकरा आठवडे गेले.

मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी आकाराम चढ चढून माळआळीच्या टोकाला आला, तर भामाबाई नळाखाली वाटी धरून बसलेली. वाटी भरली की कळशीत ओतायची. कळशी तळातनं वाजत होती. म्हैस दावं ताणून रिकामी बादली चाटत होती. पाठीचं हाड वर आलं होतं तिच्या.

"कवाधरनं बसलीयास आक्का?"

"कोंबड्याच्या आदी. टँकर इथवर येतुय कुठं? मधीच सपतुय. आन ही माझी बया, हिला चार बादल्या लागत्यात. वाटीनं म्हस पाजलेली बघितलीयास का कुठं?" भामाबाईनं कमरेवर हात देत म्हशीकडं बघितलं. "रविवारच्या बाजारात उभी करावी म्हणते."

"इकू नगंस. येईल पानी."

"कुठनं? तुज्या तोंडातनं?"

 आकारामानं हळूच, जणू सहज, विचारलं, "मला इचारलं न्हाईस कवा, कशानं येत न्हाई म्हणून?"

भामाबाई हसली. "तुला काय इचारू, गड्या? तू आता कामावर हाईस व्हय? उगा म्हाताऱ्या माणसाला कशाला तरास द्यायचा?" तिनं कळशीतलंच तांब्याभर पाणी काढलं, गुळाचा खडा दिला. "घे. चढ चढून आलाईस."

नको म्हणावं तर तिच्या दाराचा अपमान. आकारामानं तांब्या तोंडाला लावला. दोन वाट्यांचं पाणी असेल. त्यानं ते सगळं पिलं.

गुरुवारी सकाळी दहाला तो पालिकेत गेला. शिवांजली मॅडम मीटिंगला जिल्ह्याला गेलेली. बाकड्यावर तानाजी बसला होता, फोनवर कुस्ती बघत.

"तात्या, काय काम काढलं?"

सांगायला एवढाच वेळ होता. चौकात काँक्रीट आहे, खाली वॉल आहे, उलटा फिरतो. पण ज्याला आपली चावी गेली त्याला हे असं बाकड्यावर बसून देऊन टाकायचं? आकारामाला ते जमलं नाही. त्याला मॅडमलाच सांगायचं होतं. तिनं ऐकायला पाहिजे होतं, कदाचित खुर्ची पण द्यायला पाहिजे होती.

"मॅडमकडं हुतं जरा. तुला न्हाई उमगायचं."

"बरं बाबा," तानाजी म्हणाला. "उद्या बी न्हाईत त्या. परवाधरनं सुट्टी. सोमवारी या."

शुक्रवार, शनिवार, रविवार. रविवारी बाजाराचा दिवस. आकाराम त्या दिवशी घरातनं बाहेर पडला नाही. पल्लवीचा फोन आला. "आवाज असा का येतोय, अप्पा?" "काय न्हाई. बसलोय." कुकरची शिट्टी झाली.

सोमवारी दार उघडायच्या आधी तो पालिकेच्या पायरीवर होता. मॅडम आली. त्यानं उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं, आठव्या दिवसाचं पण. ठरवलेलं गप बसणं, मग बोलणं, त्यातलं काही झालं नाही. मॅडम ऐकत राहिली.

"काका, तुम्हाला माहिती होतं?"

"व्हय."

"अकरा आठवडे मी लोकांच्या शिव्या खातेय. एक फोन करायचा होता तुम्ही."

"कुणी इचारलं न्हाई, मॅडम."

"मी विचारलं होतं, चौकात उभी राहून. तुम्ही झालं म्हणालात." ती रागावून ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती पर्स खाली ठेवली आणि फोन उचलला. तासाभरात चौकात हातभर खड्डा करण्याची परवानगी आली आणि काँक्रीट फोडायचं मशीन थडथडायला लागलं.

आकारामानं टाच आपटून जागा दाखवली. ती इंचभर चुकली नाही. गंजका चेंबर निघाला, आत वॉल. तानाजीनं चावी लावली आणि सवयीनं डाव्या हाताला जोर दिला.

"उलटा!" आकाराम ओरडला. "त्यो बंद हुतोय तसा. दांडा मोडंल, गड्या!"

तानाजीनं चावी सोडून त्याच्याकडं बघितलं. मग ती त्याच्यापुढं धरली. "घ्या तात्या. तुमीच फिरवा."

लोक जमले होते. आकारामानं चावीकडं बघितलं. हात पुढं गेला नाही. "न्हाई. फिरव तूच. मी मोजतो."

नऊ आटे. प्रत्येकाला लोखंड कण्हत होतं. नववा बसला तसा पायाखाली पाण्याचा घरघर आवाज झाला आणि चढाकडं निघून गेला. मॅडमनं यंत्रावर ठिपका मारला. "अजून काही राहिलंय का?"

"न्हाई."

"नक्की ना, काका?"

"नक्की."

तिनं मान हलवली आणि स्कूटीला किल्ली लावली. आकाराम चालत घरी आला.

मंगळवारी उन्हं कलली तशी दारात सावली पडली. आकारामाला वाटलं, कोण पावणं? भामाबाई होती. गुडघ्यानं अधू बाई सगळा चढ उतरून आली होती, पदर कमरेला खोचलेला, दम लागलेला.

"आकाराम! भायेर ये."

"ये की आक्का. आत ये. बस."

"बसाय न्हाई आले. तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन माज्या दारात हुबा ऱ्हाऊन माजं पानी पिलास? माज्या हातातला गूळ खाल्लास?"

शेजारच्या दारातनं दोन डोकी बाहेर आली.

"आईतवारी म्हस दिली रं मी. सोमवारी दुपारी नळ धो-धो सुटला. एक दीस! एक दीस आदी तोंड उघडलं असतंस तर तुजं काय गळून पडत हुतं?"

"बिस्तरवारीच गेल्तो हापिसात. मॅडम न्हवत्या."

"मॅडम न्हवत्या. त्यो तानाजी हुता का?"

"हुता."

"मग?"

 आकाराम उंबऱ्याकडं बघत म्हणाला, "माजा बी नाइलाज झाला, आक्का. सबंद दीस कुणी दारात येत न्हाई. वाटलं, ह्या निमतानं तरी कोन येईल."

"आन माज्या दारात कोन येतंय?" भामाबाई म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "मला कोन इचारतंय? ती म्हस हुती, रातीला हुंकार द्याची. एकली हाय म्हणून मी कवा गावाचं पानी धरून बसले व्हय रं?"

 आकाराम म्हणाला, "च्या टाकतो." भामाबाई म्हणाली, "तुज्या घरचं पानी नगं मला. आन सकाळचं चढावर येऊ नगंस. येतोस म्हणून रोज दार उघडं ठेवत हुते." ती वळली. चढाला लागल्यावर मधी दोनदा थांबली, कमरेवर हात ठेवून. आकाराम दारात उभा होता. शेजारची डोकी आत गेली.

आकारामानं म्हैस घेणाऱ्याचा तपास केला. कुणी कर्नाटकातला व्यापारी होता, गाडीत घालून मिरजेकडनं खाली गेला, एवढंच कळलं.

आता आकाराम साडेपाचला उठतो आणि नदीकडं चालत जातो. तिकडं त्याच्या ओळखीचं घर नाही. नदीतनं पाणी उचलणाऱ्या जॅकवेलच्या भिंतीपाशी जरा वेळ उभा राहतो. आत पंप चालू असतो आणि त्याच्याजवळ माणूस नसतो. ऊन लागायला लागलं की परत येतो.

माळआळीत चोवीस तास पाणी आहे. भामाबाईच्या नळाला पण चांगली धार येते. तिला एकटीला तेवढं लागत नाही.